बाबांच्या आवाजाची चिंधी

बाबांना मी बुलढाण्याला आणलं ते जवळजवळ भांडूनच. गुलाबी बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. वरवट बकालकडच्या आमच्या गावात कुणाचीच बोंडं धड राहिली नव्हती, पण बाबांनी ते स्वतःच्या अंगाला लावून घेतलं. आधी बोलणं कमी झालं, मग पारावर जाणं बंद झालं. आई फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाले तिकडं घेऊन जाय माय. दिवसभर खाटीवर बसून रायते. काही इचारलं तं मान हालवते, बस."

मी तेव्हा एका खासगी शेतकरी सल्ला केंद्रात कम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायची. गावोगावचे लोक फोन करून पिकाचं विचारत आणि आमच्याकडचं कुणीतरी उत्तर देई. छापील मराठी बोलणारी पोरं तिथं टिकत नसत, कारण पलीकडचा प्रश्नच त्यांना अर्धा कळे. मी साहेबांच्या मागे लकडा लावला, माझ्या बाबांना बसवून तर बघा, उभा जन्म कापसात गेलाय त्यांचा. साहेब कंटाळून हो म्हणाले. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी तोच होकार धरला. आमच्या घरात बायका असंच करतात.

दसऱ्याची सुट्टी संपून केंद्र उघडलं, तोच त्यांचा पहिला दिवस. आधीचा पोरगा सोडून गेलेला, म्हणून फोनवर ते एकटेच. कडक धुतलेली टोपी घालून ते फोनसमोर बसले. मी त्यांना रिसीव्हर कसा उचलायचा, कसा ठेवायचा ते दाखवलं आणि बाजारात एक प्रिंटर दुरुस्तीला घेऊन गेले. दुपारी परत येते तर बाबा दाराशी उभे, थैली खांद्याला.

"जातो मी," ते म्हणाले. "दुपारची गाडी भेटते."

"काऊन? काय झालं बाबा?"

त्यांनी खांद्यावरची थैली सावरली. मग खाली बघत म्हणाले, "फोन वाजते. मी हॅलो म्हणतो. माहा आवाज आयकला का लोकं ठेवून देते. एकानं नाई, साऱ्यायनं ठेवला. ज्याले सोताचा कापूस राखता आला नाई, त्याले कोण इचारते माय?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग आधी आला ते बरं झालं. हा माणूस आज त्या गाडीत बसला, तर पुन्हा खाटेवर जाऊन बसेल आणि मग तिथून त्याला कुणी उठवू शकणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"पुढच्या गाडीनं जा," मी म्हटलं. "आधी माह्यासाठी एक फोन उचला."

मी बाहेर जाऊन मोबाइलवरून केंद्राचा नंबर लावला. काचेच्या दारातून दिसत होतं, फोन वाजला, बाबांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला, ओठ हलले. माझ्या कानात मात्र काहीच नाही. मी ओरडून हॅलो म्हटलं, पण त्यांनाही ते पोचलं नाही. त्यांनी हळूच रिसीव्हर ठेवला.

मी धावत आत गेले. "बाबा, तुमी काय बोलले ते मले आयकूच आलं नाई. कोणालेच आलं नसन. लोकायनं तुमचा आवाज आयकून नाई ठेवला, आवाज आला नाई म्हणून ठेवला!"

त्यांना ते पटलं नाही. पोरगी समजूत काढते आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं. मग मी त्यांना सर्व्हरच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं, आणि हात चालवता चालवता सांगू लागले.

आमच्याकडे एकच मोठं मशीन होतं. त्याच्या पोटात चार-पाच वेगळे कम्प्युटर चालत. एक फक्त घंटी वाजवायचा, एक बोलणं इकडून तिकडे पोचवायचा, बाकीचे ऑफिसचे. या सगळ्यांना बाहेरच्या तारेशी जोडणारा एक पूल मशीनच्या आतच बांधलेला असतो, त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. तार एकच, माल अनेकांचा. म्हणून प्रत्येकाच्या मालाला नंबराचा टॅग लावायचा, फोनचा वीस, ऑफिसचा दहा.

"आपल्या वावरात बाया कापूस वेचते," मी म्हटलं, "हरएक जण आपल्या गाठोड्याले आपली चिंधी बांधते. बैलबंडी एकच, पण मोजतानी कोणतं गाठोडं कोणाचं ते समजते. थ्याच चिंध्या हायेत ह्या."

बाबांनी स्टूल थोडं पुढे ओढलं.

मी आधी फोन बदलून पाहिला, मग तार, मग भिंतीवरच्या नेटवर्क स्विचमधलं तारेचं भोक. काही फरक नाही. मग मशीनच्या पोटातल्या एकेका कम्प्युटरला हाका मारल्या. घंटीवाल्यानं ओ दिली. बोलणंवाला गप्प. पुलावरची वाहतूक उघडून बघितली, तर बाबांच्या फोनकडून विसाची चिंधी बांधून माल येत होता, पुलाशी पोचत होता आणि तिथंच संपत होता. बोलणंवाल्याच्या दाराला विसाचा नंबरच नव्हता. तो ऑफिसवाल्यांच्या घोळक्यात जाऊन बसला होता.

असं अचानक का झालं? मी मशीनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. झाकणावर हळदीकुंकू, कडेला वाळलेला झेंडू. दसऱ्याला साहेबांनी हौसेनं सगळी यंत्रं बंद करवून, पुसून त्यांची पूजा केली होती. मी तेव्हा बाबांना आणायला गावी होते. ते मशीन बसवल्यापासून कधीच बंद झालेलं नव्हतं. माझ्या आधीच्या माणसानं बोलणंवाल्याचा टॅग चालू मशीनला तेवढ्यापुरता हातानं दिला होता, कायमचा करून ठेवलाच नव्हता. बंद करून चालू केलं, टॅग गेला.

"म्हंजे बिनचिंधीचं गाठोडं," बाबा म्हणाले.

"हाव."

"मंग बांध ना माय."

मी टॅग लावला, तो कायमचा ठेवला, आणि खात्रीसाठी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दसरा दरवर्षी येणारच होता. मग बाबांना फोनशी बसवून मी परत बाहेर गेले.

"हॅलो," माझ्या कानात बाबा म्हणाले. "आयकू येते का वो?"

"येते बाबा." काचेतून त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली.

मी आत येईतो फोन पुन्हा वाजला. या वेळी खरा, कुणा शेतकऱ्याचा. बाबा ऐकत राहिले. "येचणी झाल्यावर फरदड ठेवू का म्हणता?" त्यांनी विचारलं. वेचणी संपली तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची नाही, पाणी देऊन ती उभी ठेवायची आणि आणखी एखादा वेचा काढायचा, ती फरदड.

बाबा गप्प झाले. मला वाटलं, पुन्हा गेलं. मी पळत जाऊन स्क्रीन पाहिली. विसाची वाहतूक नीट चालू होती. तारेत काही बिघाड नव्हता.

"नोका ठेवू दादा," बाबांचा आवाज आला. "म्या ठेवली होती. पाणी देल्लं, हिरवी दिसे, उपटाले मन झालं नाई. अळी तिच्यातच राह्यली अन् पुढच्या सालचा सारा कापूस खाल्ला. म्याच पोसली तिले."

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. वर्षभर ते हे घेऊन खाटेवर बसले होते.

"हाव, आयकून राह्यलो ना," ते पलीकडच्या माणसाला म्हणत होते. "बोला तुमी, बोला."

त्यांनी रिसीव्हर ठेवला, तोच पुन्हा घंटी. मी दारातच घुटमळत होते. थैली खांद्यावरून काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"जाय, तुह्यं काम कर," ते म्हणाले. "अन् तुह्या मायले सांग, मी आज येत नाई."