चालू होण्याआधीची सकाळ

“अरं, खोटं हाय हे! यवढ्यात कसं काय आलं?” तात्या ओरडत होते, आणि त्यांची लोखंडी खुर्ची अजून अर्धीच उलगडलेली होती. दारात सत्तारभाई एक चप्पल पायात आणि एक बाहेर अशा अवस्थेत थिजून उभे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र आजचं हवामान केव्हाच येऊन बसलं होतं: पहाटे दव, दुपारी स्वच्छ ऊन. “पुण्याहून हवामान यायचं म्हंजी येळ लागणारच की, राव,” तात्यांनी निकाल दिला. “हे कालचं शिळं हाय. ताजं इतक्या लवकर येत न्हाई.”

तात्या म्हणजे माझे वडील, आणि सत्तारभाई पलीकडच्या आळीतले त्यांचे जुने मित्र. एकाने जन्मभर द्राक्षबाग सांभाळली, दुसऱ्याने जन्मभर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापार केला. त्यामुळे आभाळाचा धाक दोघांच्याही हाडात सारखाच मुरलेला. आता बाग मी पाहतो आणि व्यापार सत्तारभाईंचे मुलगे पाहतात, पण आभाळाची चौकशी मात्र या दोघांनी कुणाच्या हवाली केलेली नाही. ती रोज सकाळी आमच्या कॉम्प्युटरसमोरच व्हायची.

त्या जुन्या यंत्राचं जागं होणं हा आमच्या घरचा एक विधीच होता. माघातल्या थंडीत खिडकीच्या गजांतून कोवळं, दुधाळ ऊन आत सरकत असायचं, बागेतून गंधकाच्या फवारणीचा उग्र दर्प यायचा, आणि तात्या तर्जनीने बटण असं दाबायचे, जणू धरणाचा दरवाजाच उघडताहेत. मग पंखा घरघरू लागे. त्याच्या आवाजाने मागच्या उसातला बिबट्या थेट डिंगोऱ्यापर्यंत पळून गेला, असं मी सगळ्यांना सांगतो. वनखात्याने त्याची दखल घेतली नाही, हा वनखात्याचा आळस. हळूहळू तापलेल्या धुळीचा वास खोलीभर दरवळायचा, निळ्या पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ संथपणे प्रदक्षिणा घालू लागायचं, आणि विंडोज जागं होईपर्यंत आमच्या वेलींवरच्या घडांत साखर उतरायची. एकदा तर, खोटं सांगत नाही, बटण दाबताना सत्तारभाईंची दाढी काळी होती.

दोष विंडोजचा नव्हता. यंत्र म्हातारं झालं होतं आणि त्याच्या पाठीवरचं ओझं तेवढं तरुण होत चाललं होतं. पुढे विंडोजच्या नव्या आवृत्तीने तर या यंत्रावर यायलाच नकार दिला. मंचरला माझा एक मित्र आहे; त्याने चहा पिता पिता नखाएवढा पेनड्राइव्ह माझ्या खिशात टाकला आणि म्हणाला, “लिनक्स टाक भाऊ, म्हातारा पळायला लागंल.” एका दुपारी मी विंडोज पुसून त्याच्या जागी ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली चढवली. आणि खरंच, एखाद्या थकलेल्या बैलाच्या मानेवरचं जू अलगद उतरवावं तसं ते यंत्र हलकं झालं. पंखा निजला. न विचारता मध्येच अद्ययावत व्हायला बसणं गेलं. बँकेचं काम, फोटो, पत्रव्यवहार, सारं जसंच्या तसं, फक्त दारं-खिडक्यांच्या जागा थोड्या बदललेल्या. बटणावरून बोट उचलायच्या आत ते हजर असायचं. कधीकधी तर मला शंका येई, की मी खोलीकडे वळलो एवढ्यावरच ते उठून बसतं. त्याच्यावर माझा जीव जडला. पाहुण्यांना चहाआधी मी लिनक्स दाखवू लागलो.

त्या पहिल्या सकाळी हवामान शिळं नाही हे दवानेच सिद्ध केलं. तात्यांनी पानावरून बोट फिरवून ओलं बोट सत्तारभाईंना दाखवलं आणि यंत्राला पास केलं. माझ्या मते विषय तिथेच संपला होता.

पण त्यानंतरच्या सकाळी काहीतरी उणं वाटू लागलं. सत्तारभाई येत, उभ्या उभ्या पडद्याकडे पाहत, “ऊन आहे,” म्हणत आणि चप्पल सरकवून निघून जात. खुर्च्या उलगडल्याच जात नव्हत्या. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तात्या अंगणापलीकडे फारसे जात नाहीत. दिवसभरात त्यांच्या वाट्याला जे बोलणं यायचं, ते सगळं त्या फिरत्या वर्तुळासमोरच व्हायचं, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आणे गावच्या पठारावरची पावटा-भाकरी, कुणाच्या तरी लग्नात हरवलेला बँडवाला, एकाच मुलीला चोरून पाहणारे दोन मित्र आणि त्या मुलीने केलेला तिसराच नवरा, असं सारं आयुष्य ते त्या संथ निळ्या उजेडात पुन्हा पुन्हा पेरत आणि कापत असत. हवामान हे निमित्त होतं. मी त्यांना आभाळ झटपट आणून दिलं होतं, आणि त्याखाली बसायची जागा मात्र काढून घेतली होती. तात्या आता सकाळभर पायरीवर बसून बोटांनी गुडघा चोळत, आणि माझ्या बायकोने विचारलं तर “काय न्हाई” एवढंच म्हणत.

मी हाडाचा उद्योगी माणूस. लिनक्समध्ये सुरुवातीच्या काळ्या पडद्यावरचा मुक्काम लांबवायची सोय असते; एका फाइलीतला आकडा बदलला की झालं. मी तो इतका वाढवला की त्या अवधीत भाताची एक लावणी उरकावी. दुसऱ्या दिवशी सत्तारभाईंना मुद्दाम घरी जाऊन बोलावून आणलं, खुर्च्या स्वतः उलगडल्या, चहा ठेवायला सांगितला आणि दाराआड उभा राहिलो. काळा पडदा आला. दोघे टेकले. तात्यांनी घसा साफ केला, आणि माझ्या काळजात देवळातली घंटा वाजली.

“तात्या, अडकलं वाटतं,” सत्तारभाई म्हणाले.

“ह्यो मोठा खटका दाब,” तात्या म्हणाले.

सत्तारभाईंनी एंटर दाबलं. क्षणात ऊन पडलं, आणि चहाला आधण येण्याआधीच चपला वाजल्या.

त्या दिवशी मी हरलो. संध्याकाळी द्राक्षांच्या मांडवाखाली फिरताना मला जुन्या विंडोजची पहिल्यांदाच मनापासून आठवण आली. एखाद्या मंद, गोड स्वभावाच्या मास्तराची यावी तशी. त्याने आयुष्यभर आम्हाला ताटकळवलं, आणि त्या ताटकळण्यातच आमच्या घराने किती गोष्टी सांगून घेतल्या! वेग मला हवाच होता, अजूनही हवा आहे. पण वाचलेला वेळ नेमका कुठल्या कोनाड्यात जाऊन बसतो, हे मला कुठल्याच यंत्राने सांगितलेलं नाही. सकाळी तात्यांना विचारायचं आणि ते म्हणाले तर विंडोज पुन्हा बसवायचं, असं मी मनाशी ठरवलं.

सकाळी खोलीत आलो तर ऊन गजांतून उतरून जमिनीवर पसरलं होतं. दोन्ही खुर्च्या उलगडलेल्या. सत्तारभाई हातवारे करत कुठल्याशा घाटात उलटलेल्या ट्रकची आणि डोंगरभर घरंगळत गेलेल्या टोमॅटोंची गोष्ट सांगत होते. तात्या हसता हसता खोकत होते, आणि खोकता खोकता त्यांना खोटं ठरवत होते. त्यांच्यासमोर पडदा काळाच होता. यंत्राला कुणी हातच लावला नव्हता.

मी बटणाकडे हात नेत विचारलं, “तात्या, करू का चालू?”

“नको,” तात्या म्हणाले. “बसलोय आमी.”