उजव्या दाराचं हँडल

माझ्या मामेसासऱ्यांसारखा रागावणारा माणूस धुळ्यापासून जळगावपर्यंत दुसरा सापडायचा नाही. तशी रागीट माणसं आमच्या खान्देशात पोत्यानं आहेत. इथल्या उन्हाचा आणि मिरचीचा तो परिणाम असावा. पण बाकीच्यांचा राग म्हणजे चैत्रातली वावटळ. आली, चार पत्रे उडवले, गेली. मामेसासऱ्यांचा राग बारमाही आहे आणि त्याचा पत्ता गेल्या कित्येक वर्षांत बदललेला नाही. ते एका मोटार कंपनीवर रागावलेले आहेत. कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही, कारण लिहिलं तर दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन येईल, "जावईबापू, त्यास्नी फुकटनी जाहिरात काबरं करतस?" मी त्यांच्या भाचीचा नवरा, म्हणजे घरचा जावई. त्यामुळे ते माझ्यावर खेकसतात तेही आदरार्थी बहुवचनात.

त्यांना सगळं अमळनेर नाना म्हणतं. नानांची उभी हयात धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथं एक वही असायची. ड्रायव्हर गाडी लावून जाताना तीत दोष लिहायचा: ब्रेक कमी लागतो, गिअर अडकतो, तिसऱ्या खिडकीची काच वाजते. मेकॅनिकनं काम करायचं आणि त्याखाली 'दोष दूर केला' असं लिहून सही करायची. ज्याला काम करायचा कंटाळा, तो लिहायचा, 'तपासले. दोष आढळला नाही.' हे वाक्य नानांनी नोकरीत एकदाही लिहिलं नाही आणि हाताखालच्या कुणाला लिहू दिलं नाही. एकानं लिहिलं, तर नानांनी त्याला त्याच गाडीत बसवून साक्रीपर्यंत नेलं आणि त्याच गाडीनं परत आणलं. उतरताना तो मेकॅनिक म्हणाला म्हणे, "नाना, आढळला!"

निवृत्त झाल्यावर नानांनी गाडी घेतली ती याच कंपनीची. बॉनेटवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि जाहीर केलं, "यास्नं लोखंड खरं शे." त्याच वर्षी कंपनीनं आपली पहिली भव्य योजना मांडली: तीन वर्षांत सात नवी मॉडेलं, जिल्ह्याजिल्ह्यात मोठं वर्कशॉप, कुठलाही सुटा भाग तीन दिवसांत. नानांनी ते कात्रण देवघराशेजारी चिकटवलं. त्यांची मुलगी वर्षा त्याच सुमाराला मोटारीचा डिप्लोमा करून बाहेर पडली होती. तिच्या हातात दोन नोकऱ्या होत्या. दुसरी कंपनी जास्त पगार देत होती. नाना म्हणाले, "हीच घे. लोखंड खरं शे, माणसं बी खरी राहतीन." वर्षानं घेतली. नानांनी गल्लीत पेढे वाटले.

त्या सात मॉडेलांपैकी एक आलं, आणि तेही दोन वर्षांत बंद झालं. मग दुसरी योजना आली. मग तिसरी. दर खेपेला साहेब नवे, घोषवाक्य नवं, आकडा मात्र सातच. एका वर्षी तर कंपनीनं काहीच बनवलं नाही, फक्त बोधचिन्ह बदललं. पूर्वीचं उठावदार आणि चकचकीत होतं, नवं सपाट. नाना भडकले, "दुकान चालेना म्हनीसन पाटी रंगाडी!" कंपनीची नवी गाडी दाखवायची पद्धत तुम्हाला माहीत असेल. व्यासपीठावर काहीतरी उंचवट्यासारखं, त्यावर मखमली कापड, खाली धूर. कापड थोडंसं उचलतात, एक दिवा दिसतो, टाळ्या पडतात, कापड परत खाली. नानांनी हे माझ्या मोबाइलवर पाहिलं आणि मोबाइल पाटावर आपटता आपटता मामींनी झेलला. "लगीनमा बी अंतरपाट निघस, जावईबापू! यास्ना गाडीवरला कपडा सात वरीसमा निंघना नही!"

तेव्हा नानांनी वही सुरू केली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, हुबेहूब वर्कशॉपसारखी आखलेली. 'दोष: विजेवर चालणारी गाडी पुढल्या दिवाळीत येणार असे सांगते. कारवाई: प्रलंबित.' 'दोष: आम्ही गाडी विकत नाही, अनुभव विकतो असे बोलते. कारवाई: डोके तपासणे.' त्या अनुभवावरून तर ते आठवडाभर जेवताना धुमसत होते. "अनुभव माले बी भलता शे. मी इकू का? कोन ली?" मामी सकाळचं वर्तमानपत्र आधी स्वतः चाळायच्या. कंपनीची बातमी असली की ते पान तांदळाच्या डब्याखाली जायचं. नाना शेजारच्यांच्या पेपरमध्ये वाचून यायचे आणि मग दोन घरांचा चहा थंड व्हायचा.

एरंडोलला एका लग्नात नवरदेवाचे मामा त्याच कंपनीची कोरी गाडी घेऊन आले. नाना मांडवातून उठले ते थेट बॉनेटपाशी. पाच मिनिटांत कोटटोपीवाले वीस पाहुणे इंजिनवर वाकले होते आणि नाना बोट दाखवून सांगत होते, की इथं जे लोखंड होतं तिथं आता काय आहे ते हात लावून पाहा. मंगलाष्टकं सुरू करायला भटजींना मामा सापडेनात. शेवटी नवरदेव स्वतः बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "नाना, बॉनेट लावा. माझी नवरी उभी आहे."

आणि या सगळ्यावर कळस चढवला एका हँडलनं. चार वर्षांपूर्वी नानांच्या गाडीच्या उजव्या दाराचं बाहेरचं हँडल तुटलं. ड्रायव्हरचंच दार. आतून उघडायचं, बाहेरून नाही. नाना जळगावला, वर्षा नोकरीला होती त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले, इतर गिऱ्हाइकांसारखा नंबर लावला, आणि काउंटरवर वर्षानं इतर गिऱ्हाइकांना सांगते तेच सांगितलं, "ऑर्डर लावलीय." धुळ्याच्या बाजारात दुसऱ्या गाडीचं, अगदी मापात बसणारं हँडल मिळत होतं. नाना म्हणाले, "दुसऱ्यानं हँडल लावं म्हंजे कंपनी सुटनी!" तेव्हापासून सत्तरी गाठलेले माझे मामेसासरे डाव्या दारानं आत शिरायचे, एक पाय उचलायचे, गिअरवरून टाकायचे, हँडब्रेकशी थोडी झटापट करायचे, धोतर सोडवायचे आणि ड्रायव्हरच्या जागी पोहोचायचे. उतरायचे उजवीकडून. दर्शनबारीसारखं, येण्याचा मार्ग वेगळा, जाण्याचा वेगळा. मामी एकदा म्हणाल्या, "अहो, हात घालून आतून दार उघडा आणि फिरून या. कशाला गुडघे तोडता?" नाना गरजले, "मंग कंपनीले समजी कसं?"

मी हसायचो. मी कोण, सगळेच हसायचे. वर्षा मात्र हसत नसे. ती त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांत हुशार होती. गाडी फाटकातून आत येते तोवर आवाजावरून रोग सांगायची. पण वर्कशॉपात गाड्याच कमी होत चालल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका दुसऱ्या वर्कशॉपनं तिला बोलावलं, अख्खं वर्कशॉप तिच्या हाती द्यायला तयार होते. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात कंपनीनं सांगितलं, थांब, आठवी योजना येतेय, जळगावचं वर्कशॉप तिप्पट मोठं होणार, त्याची मुख्य तूच. ती माझ्या जळगावच्या घरी येऊन बसली आणि बायकोला म्हणाली, "ताई, बारा वर्षं काढली. आता सोडायचं आणि नेमकं या वेळी खरं निघालं तर?" नानांना तिनं विचारलं नाही. नानांनीही तिला काही सांगितलं नाही. जगाला रागानं भाजून काढणारा माणूस या एका गोष्टीवर गप्प होता. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

गुरुवारी जळगावच्या हायवेवरच्या एका हॉटेलात कंपनीच्या जुन्या ग्राहकांचा मेळावा होता. पत्रिकेवर लिहिलं होतं, 'परिवारासोबत उद्याचा प्रवास'. खाली बारीक अक्षरात, 'भरीत-पुरीचे जेवण'. नाना वही काखेत मारून आले, डाव्या दारानं बसून, उजव्या दारानं उतरून. हॉटेलचा दरवान पाहतच राहिला. मला म्हणाले, "आज मी बठ्ठं वाचसू. पहिलं पान ते शेवटलं." मी पुढच्या रांगेतली जागा धरली. खोटं कशाला बोलू, मला मजा बघायची होती.

साहेब मोठ्या शहरातून आले होते. तरुण, पांढरे बूट. ते हिंदीत आणि इंग्रजीत बोलणार आणि मराठीतून समजावून सांगायला व्यासपीठावर कोण उभं? वर्षा. नानांनी तिला पाहिलं आणि वही मिटली. पडद्यावर सपाट बोधचिन्ह आलं. ते आता आणखी सपाट झालं होतं. साहेब म्हणाले, नवा ब्रँड. वर्षा म्हणाली, नवा ब्रँड. साहेब म्हणाले, सात मॉडेलं. वर्षा किंचित थांबली आणि म्हणाली, सात मॉडेलं. पलीकडे मखमली कापड होतंच. नानांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर ते उठले. सात योजना, शंभर पानं.

नानांनी वही उघडलीच नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, माझ्या गाडीच्या उजव्या दाराचं हँडल कधी येणार?"

वर्षानं ते साहेबांना सांगितलं. साहेब मोकळेपणानं हसले आणि बरंच बोलले. ग्राहक हा आमच्या प्रवासाच्या केंद्रस्थानी आहे, वगैरे. मग ते वर्षाकडे वळले, आता हे मराठीत सांगा. वर्षा माइकपाशी आली. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही.

"नाना," ती म्हणाली, "ते येणार नाही. ते बनवणंच बंद झालंय. मी तुम्हाला चार वर्षं ऑर्डर लावलीय म्हणून सांगितलं, कारण आम्हाला तसंच सांगायला सांगितलंय. ऑर्डर लावलेली नाही."

मग मागून फैजपूरचे एक केळीवाले उठले, "ताई, मन्ही गाडीना आरसा?" "येणार नाही, भाऊ. बाहेरचा लावा, मी माप देते." एक डॉक्टर उठले, "माझा एसीचा पंप?" "तो येईल. महिना लागेल." लोक एकामागून एक विचारत होते, ती येईल, येणार नाही, येईल, येणार नाही असं सांगत होती, आणि दर उत्तराला लोक मान डोलवून खाली बसत होते. 'येणार नाही' ऐकून इतके समाधानी चेहरे मी आयुष्यात पाहिले नव्हते. साहेबांनी घाईघाईनं जेवण जाहीर केलं. कापड उचलायचं राहूनच गेलं.

नाना भरीत न खाता माझ्या घरी आले आणि कोपऱ्यात बसून राहिले. संध्याकाळी वर्षा आली. "धुळ्याला हो म्हणून कळवलं," ती म्हणाली. "तशीही इथं मला आता कोण ठेवणार?" नानांनी वही तिच्यापुढं सरकवली. तिनं ती कधी उघडून पाहिली नव्हती. तिनं पहिलं पान उघडलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं, आणि इतकी वर्षं चाललेल्या त्या रागाची मला पहिल्यांदा लाज वाटली. म्हणजे मी त्याला हसलो याची. पहिल्या पानावर कंपनीचं नावही नव्हतं. लिहिलं होतं: 'दोष: मी वर्षाला हीच नोकरी घे असे सांगितले. कारवाई:' आणि पुढं कोरं.

वर्षानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिनं माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, कोऱ्या जागेत काहीतरी लिहिलं, सही केली आणि वही परत केली. नानांनी चष्मा लावला. वाचलं. आणि ताडकन उठले.

"तपासले, दोष आढळला नाही? हाई कामचोर मेकॅनिकनी भाषा! हाईच शिकनी का तू? हाईच?" आवाज खिडकीच्या काचा हलवणारा होता. पण वही त्यांनी छातीशी धरली होती आणि चष्मा काढून ते धोतराच्या सोग्यानं दुसरंच काहीतरी पुसत होते.

आता वर्षा धुळ्याला असते. पहिल्याच महिन्यात तिनं नानांच्या गाडीला दुसऱ्या गाडीचं हँडल बसवून दिलं आणि नानांनी बसवू दिलं. परवा पेपरात कंपनीची नववी योजना आली. मी मुद्दाम फोन केला; म्हटलं, जरा आतषबाजी होऊ द्या. नाना नुसते म्हणाले, "आसू द्या हो, जावईबापू. करतस बिचारा कायतरी." मला फोन ठेवल्यावर करमेना. मागच्या रविवारी अमळनेरला गेलो, तेव्हा ते बाजारात निघाले होते. पिशवी घेऊन डाव्या दारापाशी गेले, दार उघडलं, सवयीनं एक पाय उचलला. मग थांबले. पाय खाली ठेवला, दार हळूच लोटलं आणि गाडीला एक हात लावत लावत, पुढून वळसा घालून, उजवीकडे आले.