पायपुसण्यातला निळा ड्रेस

मैत्रिणींनो, आज दुपारी मी माझ्याच घरात अडकले. अक्षरशः!

जुन्या कपड्यांचं पायपुसणं करत होते. पट्ट्या फाडायच्या, त्यांची वेणी घालायची, मग ती गोल गोल शिवायची. वेणी ताठ राहावी म्हणून तिचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं होतं. पट्ट्या सासूबाईंच्या लुगड्याच्या आणि माझ्या निळ्या ड्रेसच्या. लग्नाआधी बारामतीत नोकरीला जाताना तोच घालायचे. "इथं खेड्यात, वरकुट्यात कुठं घालणारेस आता?" म्हणत नवऱ्यानंच तो काढून दिला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं चार्जिंगला होता. गाठ सोडून पोहोचेपर्यंत कट झाला. बघते तर बारामतीच्या ऑफिसमधल्या मॅडम!

परत लावला नाही. 'जागा आहे, येतेस का?' म्हणाल्या असत्या, तर घरी विचारावं लागलं असतं.

संध्याकाळी पायपुसणं दारात टाकलं. नवरा त्यावर पाय पुसून आत गेला. मागनं सासूबाई उसाला पाणी देऊन आल्या आणि पायपुसणं ओलांडून सरळ आत. पुसलेल्या फरशीवर चिखलाची पावलं उमटली.

मी वैतागून सासूबाईंना म्हटलं, "आत्या, पाय पुसा की!"

"त्यात तुझा नोकरीचा ड्रेस हाय," त्या म्हणाल्या. "माझं लुगडं तुडवलं तर चालंल. त्याच्यावर न्हाय मी पाय द्यायची."

फरशी अजून तशीच आहे. फोन हातात आहे. पायाला आता काहीच बांधलेलं नाही, तरी तो नंबर लावायला बोट धजत नाही.

खरं सांगा, तुम्ही लावला असता?