बेसिलच्या खडकावरची वाळू

आमच्या पाचूबंदरची जॉयस सर्व्हेच्या बोटीवर कामाला आहे. यंत्राने समुद्राच्या तळाकडे आवाज सोडायचा, तो परतला की पडद्यावर तळाचं चित्र उमटतं. त्यावरून खडक कुठे, गाळ कुठे याचा नकाशा करायचा आणि मग लोखंडी जबडा सोडून तळाची माती वर काढायची. मी तिची चुलत बहीण, मासळी विकते. चिडवायचे तिला, "आमी पान्यातून पापलेट काडतो, तू चिखल काडतेस!" ती खळखळून हसायची. हल्ली नुसती बघते.

तिचे वडील बेसिल बोटीसकट गेले तेव्हा ती शाळेत होती. बोट समुद्रातल्या, जाळी फाडणाऱ्या एका खडकावर आपटून तिथेच बुडाली, असं सगळं बंदर धरून चाललं. प्रेत मिळालं नाही, म्हणून जॉयसच्या आईने, मटिल्डाकाकीने, कबरस्तानातल्या घरच्या क्रुसावर त्यांचं नाव कोरू दिलं नाही. आधी काहीतरी हाती येऊ दे, हा तिचा हट्ट. मी तर चांगली भांडलेसुद्धा तिच्याशी. ढिम्म हलली नाही.

यंदा सर्व्हे नेमका त्या खडकावर आला. जॉयस पडद्यासमोरून उठली नाही. खडक दिसला, भेगा दिसल्या. बोट नव्हती. फळीसुद्धा नाही. जबडा दगडावर आपटून रिकामाच वर येत होता. शेवटी कडेच्या भेगेतली थोडी वाळू आली. नमुन्याची पिशवी भरली की उरलेली वाळू परत समुद्रात टाकतात. जॉयसने ती डब्यात भरली.

"रडू येईल वाटलं होतं," ती मला म्हणाली. "काहीच झालं नाही गं." चेहरा अगदी कोरा. मला तिची भीतीच वाटली.

घरी काकीने विचारलं, "मिलाला काय गो तो?"

"नाय. नुसता खडक हाय. ही तिथली वालू."

काकीने डबा उचलून जवळ घेतला. मग म्हणाली, "बस झाली एवडी."

मृतांच्या दिवशी आम्ही कबरस्तानात गेलो. पुरताना प्रत्येकाने मूठभर माती टाकायची आमची रीत. काकीने घरच्या क्रुसापाशी डब्यातली वाळू टाकली, मी टाकली. जॉयसने मूठ भरली आणि बोटीवरच्या सवयीने ती बोटांत चोळू लागली. जाड की बारीक, शिंपल्यांचा चुरा किती. थांबेचना.

काकीने तिचं मनगट धरलं. "तपासू नको गो. बापूस हाय तुजा. टाक."

जॉयसने मूठ उघडली. काकी सोबत आणलेल्या नाव कोरणाऱ्याकडे वळली आणि त्याला बेसिलचं नाव सांगू लागली.