लॉनवरची पाथरी

मिल्टनला आम्ही नवं घर घेतलं त्याच सुमारास ऑन्टारिओत लॉनवर तणनाशक मारायला बंदी आली. पुढच्या मे महिन्यात घरासमोरचं गवत पिवळंधमक झालं. सगळी डँडेलायनची फुलं. शेजारी भला माणूस होता, पण आमच्या फुलांच्या बिया उडून त्याच्या लॉनवर येतात असं त्याने माझ्या नवऱ्याला दोनदा हसत हसत सांगितलं. नवरा शनिवारी मोव्हर फिरवायचा आणि मंगळवारपर्यंत फुलं पुन्हा वर यायची.

त्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. वर्ध्याजवळच्या आमच्या गावात तिने पंचवीसेक वर्षं लोकांच्या शेतात तण काढायचं, निंदणाचं काम केलं होतं. त्याच मजुरीवर मी शिकले, नागपूरला हॉस्टेलवर राहिले, इंजिनियर झाले. सुट्टीत मी गावी गेले की ती मला खुरपीला हात लावू द्यायची नाही. हात खराब होतील म्हणायची.

आल्यावर पहिले काही आठवडे ती खिडकीशी बसून होती. मी आणि नवरा सकाळीच टोरांटोची ट्रेन पकडायचो, मुलगी शाळेत जायची. बोलायला कुणी नाही. एक दिवस मी घरी आले तर आई लॉनवर उकिडवी बसलेली. साडीवर माझं जुनं विंटर जॅकेट, पायात नवऱ्याचे मोजे, हातात गॅरेजमधला स्क्रूड्रायव्हर. तिने एक पान तोडून मला दाखवलं. देठातून पांढरं दूध आलं.

"हे तर आपली पाथरीच हाय," ती म्हणाली. "दूध बी तसंच निघते."

पाथरी म्हणजे आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उगवणारी रानभाजी. हे झाड ते नव्हतं, पण पान खरंच तसं होतं. त्या संध्याकाळी तिने पानं उकडून पाणी पिळून टाकलं आणि लसूण, तिखट, मुगाची डाळ घालून भाजी केली. मुलगी म्हणाली, "आजी, दॅट्स अ वीड." तिने खाल्ली नाही. नवऱ्याने दोनदा वाढून घेतली. कडू होती, पण चांगली कडू.

मग आईला कामच मिळालं. ती रोज एक पट्टा साफ करायची. मूळ गाजरासारखं खोल जातं. तुटलं तर उरलेल्यातून पुन्हा फुटतं, म्हणून अख्खं निघेपर्यंत ती सोडायची नाही. कोवळी पानं स्वयंपाकघरात यायची. दुखऱ्या गुडघ्यांनी ती तासन्‌तास बसायची आणि रात्री पहिल्यांदाच गाढ झोपायची. मला मात्र घरी येताना वळणावरूनच तिची पाठ दिसायची आणि आजूबाजूच्या घरांतून कोणी पाहत नाही ना, याकडे माझं आधी लक्ष जायचं.

जूनमधल्या एका शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसमधला एक पुण्याचा सहकारी बायकोला घेऊन जेवायला आला. ते वेळेआधी पोचले. आई अजून लॉनवरच होती, पाठमोरी. मी दार उघडलं तेव्हा त्याची बायको चप्पल काढता काढता कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, इथेसुद्धा निंदायला बाई मिळाली का तुला? आम्हालाही सांग."

मी हसले.

एवढंच केलं मी. ही माझी आई आहे, हे सांगायला दोन शब्द पुरले असते. पण मी हसले आणि त्यांना आत घेतलं. दार उघडंच होतं. थोड्या वेळाने आई गॅरेजमधून आत आली आणि सरळ बेसमेंटमधल्या तिच्या खोलीत गेली. नवऱ्याने आई कुठे आहेत विचारलं तेव्हा मी सांगितलं की तिला बरं वाटत नाहीये. पाहुणे चार वाजेपर्यंत बसले.

ते गेल्यावर मी ताट घेऊन खाली गेले. ती पलंगावर बसली होती, नखांतली माती काढत. मी म्हणाले, "आई, तिला माहीत नव्हतं गं."

"ते खोटं काय बोलली? निंदाले जातच होती मी." ती पुन्हा नखं कोरू लागली. "तिचं काही नाही, बाई. तू हसली."

त्यानंतर ती लॉनवर गेली नाही. मी नको म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. जुलैत तिने नवऱ्याला सांगून तिकीट अलीकडचं करून घेतलं. विमानतळावर तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला नीट जेवत जा म्हणाली. आम्ही फोनवर दर रविवारी बोलायचो, हवेबद्दल, दुखण्याबद्दल. दोन वर्षांनी ती गेली. मी गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढच्या वर्षी, त्या शनिवारी जेवायला आलेल्या त्याच बाईंनी मला मार्कहॅमला घरी बोलावलं. त्यांना डायबिटीस निघाला होता. हेल्थ स्टोअरमधून आणलेला डँडेलायनच्या मुळांचा चहा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. लिव्हरला फार चांगला, म्हणाल्या; आपण उगीच उपटून फेकतो.

मी कप हातात न घेता म्हणाले, "आमच्या लॉनवर तुम्ही एक बाई पाहिली होती. ती माझी आई होती."

त्यांनी आठवायचा खरंच प्रयत्न केला. मग अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, "कधी गं? मला तर काहीच आठवत नाहीये."

राग कुणावर धरायचा तेही मला कळेना. मी म्हणाले, जाऊ द्या. त्या बिस्किटं आणायला उठल्या, आणि मी तो चहा सावकाश, शेवटपर्यंत प्यायले.