ताईचा पूर्ण पारदर्शक साखरपुडा

ताईच्या साखरपुड्याची निमंत्रणं चार एजंटांनी मिळून पाठवली आणि त्यांतला एकही शब्द खोटा नव्हता. वाट लागली ती त्यामुळेच.

एजंट म्हणजे माणसं नव्हेत. (विम्याची तर नव्हेतच!) अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर आहे. त्यात चार एआय मदतनीस कामं वाटून घेतात. जुन्या आवृत्तीत ते एकमेकांशी बोलत नसत. बाबांच्या वाढदिवसाचं काम मी त्यांना दिलं, तेव्हा तिघांनी तीन केक मागवले आणि चौथ्याने बाबांना मधुमेहाचा आहारतक्ता पाठवला.

नवीन आवृत्ती मात्र झकास होती. आता सगळ्यांची मिळून एकच वही. एकाला कळलं की चौघांना कळणार, एकाचं काम दुसरा तपासणार. सुरुवातीलाच तिने मला तीन प्रश्न विचारले.

कोणती माहिती कोणाला दिसावी? मी लिहिलं : सर्वांना सर्व.

निर्णयाचं कारण संबंधितांना कळवावं का? अलबत!

मेसेज पाठवण्याआधी तुमची परवानगी घ्यावी का? मुळीच नाही! राबणाऱ्यांवर अविश्वास दाखवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

यात माझा दोष थोडाच आहे. बाबा जन्मभर युनियनची पत्रकं वाटत आले. शाळेत बाकीच्या मुलींच्या वह्यांना ब्राऊन पेपरची कव्हरं असत, माझ्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची. भूगोलाच्या वहीवर ‘हिशेब जनतेसमोर मांडा!’ असं वाचत मी लहानाची मोठी झाले. पारदर्शकता म्हटलं की माझी मूठ आपोआप वर जाते.

आणि आमच्या घरात पारदर्शकतेची नितांत गरज होती. मोठी आत्या चार वर्षं मुलुंडला आमच्याकडे फिरकली नव्हती. का? तर चार वर्षांपूर्वी गणपतीत आई कोणाला तरी म्हणाली, की वन्संची सोलकढी फार पातळ असते. हे वाक्य वाकोल्याला आत्याकडे आईच्या आधी पोचलं. इकडे ताईने जाहीर केलं होतं, “आत्याने मला दहावीपर्यंत सांभाळलंय. ती आली नाही तर मी बोटात अंगठी घालून घेणार नाही. फायनल.”

मी फोन आईच्या हातात दिला. “तुझ्या सगळ्या सूचना यात बोल. ते लिहून घेतात.”

“सगळ्या?”

“अगदी सगळ्या. लपवायचं काय त्यात?”

आणि मी चहा टाकायला आत गेले. (हा चहा मला फार महागात पडला.) चहा उकळून उकळून काळा झाला तरी आई बोलतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांजूरमार्गच्या भाऊमामाचा फोन आला.

“गो, सातवो? तुझ्या आवशीचो एकुलतो एक भाव मी, नि सातवो?”

मी त्याला आलेला मेसेज उघडला. ‘नमस्कार मामा. मेघाच्या साखरपुड्याचं आग्रहाचं निमंत्रण. आपल्याला सर्वांत आधी बोलावत आहोत, असं सांगायचं ठरलं आहे. प्रत्यक्षात आपला क्रमांक सातवा आहे. कारण : आपण कसेही येता.’

“आदी सा जण कोण ते सांग!” मामा कडाडला.

मी काही बोलायच्या आत यादी त्याच्या फोनवर पोचलीसुद्धा. कोणी माहिती मागितली की ती देणं हे नव्या आवृत्तीचं वैशिष्ट्यच होतं!

“सोसायटीचो वॉचमन सहावो?”

“मामा, वॉचमनही माणूसच आहे!” मी ताडकन म्हणाले.

“माका ठावक आसा तो माणूस आसा! पण तो माझ्या आदी कित्याक?”

मी आत्याचा मेसेज शोधला. ‘नमस्कार आत्या. पहिलं निमंत्रण आपल्याला. कारण : आपण चार वर्षं रुसलेल्या आहात. आपल्या भावना दुखावू नयेत म्हणून जेवणात सोलकढी ठेवलेली नाही. तिच्याबद्दलचं आईंचं मत बदललेलं नाही.’

ताईने मेसेज वाचला आणि ती पलंगावर आडवी झाली. “झालं! आता आत्या येत नाही. तूच लग्न कर अक्षयशी!”

आई हात कपाळाला लावून बसली. “अगं, मी ते तुला सांगत होते!”

“मला कुठे? तू फोनला सांगत होतीस!”

“मग फोनने पोटात ठेवायचं ना!”

मी घाईघाईने एजंटांना लिहिलं, ताबडतोब माफी मागा. ते जोमाने कामाला लागले. एकाने मसुदा केला, दुसऱ्याने तो तपासला, तिसऱ्याने कारण जोडलं आणि चौथ्याने तो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. ‘कालच्या मजकुराबद्दल दिलगीर आहोत. तो पुन्हा पडताळून पाहिला असता खरा आढळला. सर्वांच्या सोयीसाठी आईंच्या एकूण एकोणीस सूचना सोबत जोडत आहोत.’

मी ती जोडलेली फाइल उघडलीही नाही. धीर झाला नाही, यार!

बाबा तेवढे शांत होते. चष्मा पुसत म्हणाले, “एवढी वर्षं पत्रकं वाटली मी. कोणी शेवटपर्यंत वाचलं असेल असं वाटत नाही. तुझं मात्र एकूण एक माणसाने वाचलं बघ.”

साखरपुड्याच्या दिवशी हॉल साडेदहालाच भरला. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते प्रत्येक जण दुसऱ्याला वाचून दाखवत होता. मामा वॉचमनच्या शेजारी बसून त्याला “सहावे, पाणी घेतल्यात?” असं विचारत होता. सगळे आले होते, एक आत्या सोडून. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. ताईने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

आणि दारात आत्या उभी राहिली! तिच्या हातात स्टीलचा भलामोठा डबा. ती सरळ आईसमोर आली, झाकण उघडलं, पेला भरला.

“घे. आता सगळ्यांदेखत सांग.”

आईने एक घोट घेतला.

“घट्ट आहे हो, वन्सं,” आई म्हणाली. “मस्तच.”

आत्याने दुसरा पेला भरून माझ्यापुढे धरला. “तू सांग गं. तुझ्या यंत्राला म्हणे खोटं बोलता येत नाही. तुला?”

मी प्यायले. पेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता. अशी पारदर्शक सोलकढी मी जन्मात पाहिली नव्हती! पलीकडून ताई माझ्याकडे टक लावून पाहत होती. हात अजून पदराखालीच.

“आत्या,” मी म्हणाले, “चमचा उभा राहील हिच्यात.”

आत्या हसली. ताईचा हात बाहेर आला. अक्षयने, पुन्हा काही बिनसायच्या आत, अंगठी सरकवून टाकली.

टाळ्या ऐकून मला भरून आलं. एका खोट्याने साखरपुडा वाचला होता, निदान सत्याच्या बाजूने चार शब्द बोलणं माझं कर्तव्य होतं. मी माईक घेतला, मूठ वर केली आणि म्हणाले, “मित्रांनो...!”

त्याच क्षणी मागे बुफेची सगळी झाकणं धडाधड उघडली आणि अख्खा हॉल उभा राहिला.

मी फोन काढून शेवटी एकदाची ती फाइल उघडली. ‘सूचना १९ : धाकटी भाषणाला उभी राहिली की लगेच जेवण सुरू करावं. कारण : नाहीतर पाहुणे उपाशी जातील.’ केटररपासून अक्षयच्या आजीपर्यंत सगळ्यांना ती पोचली होती.

काही का असेना, आमच्या घराण्यातल्या माणसाच्या एका हाकेवर दीडशे माणसं उठली, असं पहिल्यांदाच घडलं!