शेळीपुढे कुत्रं
चीक शिजायला लागला की त्या गोडसर वासानं मला पिंपळनेरचं आमचं अंगण आठवतं. आमची पहिलारू शेळी व्याली होती, पण मोठी ताठ. ओली करडं कासेकडे सरकली की शिंगानं उडवून द्यायची. आईनं करडांना मीठ चोळलं, गूळ चोळला, तरी ती चाटेना. दुपारपर्यंत धाकट्या करडाची मान पडायला लागली. तेव्हा नवी वहिनी, जिचा आवाज आबांनी अजून ऐकलाही नव्हता, पदराआडून आईला म्हणाली, “तिले कुत्रं दखाडा.” “येडी व्हयनी का?” असं आबा ओरडेपर्यंत तिनं शेजारचं कुत्रं दोरीनं ओढत अंगणात आणलंसुद्धा. कुत्र्यानं करडांकडे नाक केलं मात्र, शेळी धावली, दोन्ही करडं पोटाखाली घेऊन शिंगं रोखून पाय आपटायला लागली. कुत्रं बिचारं वहिनीच्याच लुगड्यामागे लपलं. आबा पोट धरून हसले, तोवर करडांच्या शेपट्या कासेखाली हलायला लागल्या होत्या. संध्याकाळी उरलेल्या चिकाचा पहिला घास आईनं त्या कुत्र्याला घातला. अजूनही घरात चीक शिजला की मी आधी कुत्र्याचा घास काढते. सुनांना वाटतं, सासूबाईंना कुत्र्यांचा फार लळा.